आडनाव, वस्ती आणि आयुर्मान: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात, वस्तीतल्या विहारात किंवा ज्येष्ठ नागरिक मंडळात जात आणि आरोग्य हा विषय काढला की नागपुरात साधारण तेच प्रश्न येतात. काही कुतूहलाने विचारलेले, काही चिडून. चिडून विचारलेलेही इथे मुद्दाम घेतले आहेत, कारण लांब उत्तर त्यांनाच द्यावं लागतं.

विशेषाधिकार म्हणजे श्रीमंतीच ना? मी तर भाड्याच्या घरात राहतो.

पैसा हा त्यातला एक भाग. सारख्याच पगाराच्या दोन घरांचं उदाहरण घ्या. दोन्हीकडे रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागतं. एका घरातला मावसभाऊ धंतोलीत डॉक्टर आहे. त्याला फोन जातो आणि तो सांगतो, "गॅस म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, आत्ताच ईसीजी काढा." दुसऱ्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला हा मुलगाच पहिला. रात्री अकराला फोन करावा असा एकही डॉक्टर नात्यात नाही, शेजारात नाही, वर्गमित्रांतही नाही. तो इनो देतो आणि सकाळी मेडिकलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, जाऊ म्हणतो.

दोघांचा पगार सारखा असला तरी ओळखी सारख्या नाहीत. ओळखी एका पिढीत जमत नाहीत. कोणाच्या आजोबांना शाळेत बसू दिलं, कोणाला गावाबाहेर ठेवलं, कोणाला कुठल्या पेठेत घर घेता आलं, यावर त्या ठरत आल्या. ज्याच्याकडे असा फोननंबर आहे त्याला तो विशेषाधिकार वाटतही नाही. भाऊच तर आहे, फोन केला, एवढंच. म्हणूनच हा विषय समजावणं अवघड जातं: ज्याला अडथळा आला नाही, त्याच्या आठवणीत सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

हे सगळं ठीक, पण आकडे आहेत का?

आहेत, आणि पुष्कळ आहेत.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील बालमृत्यू असे निघाले: हजार जन्मांमागे अनुसूचित जमातींत सुमारे ५७, अनुसूचित जातींत ५६, इतर मागासवर्गांत ५१ आणि उरलेल्या, म्हणजे बहुतेक उच्चजातीय, गटात ३९. पायऱ्या उतरत्या आहेत आणि त्यांचा क्रम जातीच्या उतरंडीचाच आहे.

आयुर्मानावरचा एक महत्त्वाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर, मध्य आणि पूर्व भारतातल्या नऊ राज्यांची २०१०-११ ची आकडेवारी त्यात वापरली होती. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त कमी, दलितांचं तीन वर्षांहून जास्त कमी आणि मुसलमानांचं सुमारे एक वर्षाने कमी निघालं. त्या नवांत महाराष्ट्र नाही. पण मध्य प्रदेश आणि छत्तीसगड आहेत, आणि मेडिकलच्या कोणत्याही वॉर्डात बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचे नातेवाईक डबा घेऊन बसलेले दिसतातच.

व्हॉट्सॲपवर आणखी एक आकडा फिरतो: दलित स्त्री उच्चजातीय स्त्रीपेक्षा सरासरी १४.६ वर्षं लवकर मरते. तो संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेच्या २०१८ च्या अहवालातला आहे, खोटा नाही. मात्र ते 'मृत्यूच्या वेळचं सरासरी वय' आहे, आयुर्मान नव्हे. ज्या समाजात मुलं आणि तरुण जास्त, तिथे हे सरासरी वय आपोआप खाली येतं. त्यामुळे दरी आहे त्यापेक्षा मोठी दिसते. वादात हा आकडा फेकला आणि समोरच्याला हे माहीत असलं, तर तुमची खरी बाजूही पडते. तीन-चार वर्षांची दरी पुरेशी भयंकर आहे, ती फुगवायची गरज नाही.

गरिबी हटली की जातीचा फरक आपोआप मिटेल, नाही का?

नागपुरात सर्वांत जास्त ऐकू येणारा प्रश्न हाच. वर सांगितलेल्या आयुर्मानाच्या अभ्यासाने नेमकं हेच तपासलं. घरची आर्थिक स्थिती हिशेबात धरली, तरी त्या दरीचा निम्म्याहून कमी भाग समजावता आला. बाकीची दरी पैशांत मोजता येत नाही.

अमेरिकेत वर्णाच्या बाबतीत हेच दिसतं. तिथे २०२१ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या माता २६.६. यावर तिथलेही काही लोक म्हणतात की त्या गरीब आणि कमी शिकलेल्या असतील. पण पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीला गरोदरपणाशी संबंधित मृत्यूचा धोका शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षा जास्त आढळला. म्हणजे पदवी झाली, पगार झाला, विमाही झाला, तरी प्रसूतीच्या टेबलावर "मला बरं वाटत नाहीये" हे तिचं म्हणणं गंभीरपणे घेतलं जाईलच याची खात्री नाही.

तिसरं उदाहरण गरिबांचं नाहीच. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरदारांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळे पगारदार, सगळ्यांना मोफत सरकारी उपचार. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्या साहेबांच्या जवळपास तिप्पट भरला. आणि ही रेषा मधेच तुटत नव्हती. प्रत्येक पायरी तिच्या वरच्या पायरीपेक्षा थोडी जास्त आजारी. कामावर किती हुकूम झेलावे लागतात आणि आपल्या दिवसावर आपला किती ताबा असतो, हे शरीर नोंदवत राहतं.

मग मुसलमानांची मुलं जास्त दगावत असतील?

भारतात अनेक दशकं उलटं दिसलं. सरासरीने हिंदूंपेक्षा गरीब आणि कमी शिकलेली असूनही मुसलमान कुटुंबांतली मुलं जास्त जगत होती. संशोधकांना हे बराच काळ कोडंच वाटलं. पुढे आलेलं एक भक्कम स्पष्टीकरण असं की मुसलमान वस्त्यांत संडासाचा वापर जास्त आणि उघड्यावर बसणं कमी होतं. त्यामुळे लहान मुलांच्या पोटात जाणारे जंतू कमी. घरात संडास असण्याइतकंच शेजाऱ्यांकडे तो असणं महत्त्वाचं ठरलं.

मोठेपणी मात्र हा फायदा पुसला जातो. मुसलमानांचं आयुर्मान उच्चजातीय हिंदूंपेक्षा कमीच भरतं. आणि मोमिनपुऱ्यातलं पगारदार कुटुंब पश्चिम नागपुरात भाड्याने घर शोधायला निघतं तेव्हा फोनवर नाव ऐकल्यावर फ्लॅट अचानक "कालच गेला" असतो, हे कुठल्याही दलालाला विचारा.

सिकल सेल हा ठरावीक जातींचाच आजार आहे ना?

विदर्भात हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही.

सिकल सेल हा रक्ताचा जनुकीय आजार आहे. हे जनुक मलेरियाच्या प्रदेशांत टिकलं, कारण ते एकाच पालकाकडून मिळालेल्याला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. आपल्याकडे ते गोंड, परधान अशा आदिवासी जमातींत, पूर्वाश्रमीच्या महार समाजात, तसंच कुणबी, तेली अशा समाजांतही आढळतं. जनुकाला जात कळत नाही. पण शतकानुशतकं लग्नं जातीतच लावल्यामुळे ते जातीच्या कुंपणात साठत गेलं. कुंपण माणसांनी घातलं आणि खापर रक्तावर फुटलं.

गणित सोपं आहे. नवरा-बायको दोघंही वाहक, म्हणजे एएस पॅटर्नचे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस, म्हणजे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. वाहक माणूस रुग्ण नसतो, कामाला कमी नसतो, लग्नाला अपात्र नसतो. दोन वाहकांनी लग्न ठरवताना हे गणित माहीत करून घ्यावं, एवढंच. तरी तपासणीचं कार्ड कपाटात लपवलं जातं आणि त्यातही मुलीचं आधी.

आता विशेषाधिकाराचा भाग. हा आजार वैद्यकशास्त्राने १९१० मध्ये अमेरिकेत नोंदवला. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला. वेदनांचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. भारताची राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. निलगिरीपासून शहडोलपर्यंत एकाहत्तर वर्षं गेली. हा आजार देशातल्या वजनदार घरांत इतकाच पसरलेला असता, तर इतकी वर्षं लागली असती का? मला नाही वाटत.

फक्त भारताला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत सिकल सेलचे रुग्ण सुमारे एक लाख, बहुतेक कृष्णवर्णीय. सिस्टिक फायब्रोसिस या दुसऱ्या जनुकीय आजाराचे रुग्ण त्याहून कितीतरी कमी, बहुतेक गोरे. तरी दर रुग्णामागे संशोधनाचा पैसा सिस्टिक फायब्रोसिसला कित्येक पट जास्त मिळत आला. सिकल सेलच्या झटक्याने कळवळणारा कृष्णवर्णीय तरुण तिथल्या कॅज्युअल्टीत गेला की "नशेसाठी इंजेक्शन मागतोय" असा संशय घेतला जातो. आपल्याकडे त्याच वेदनेला "नाटक करतोय" म्हणतात. हे वाक्य नागपूर जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक सिकल सेलग्रस्त घराने एकदा तरी ऐकलेलं असतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकल सेलचा समावेश आहे. वारंवार दवाखान्यात भरती व्हावं लागणाऱ्या मुलांच्या पालकांनी दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करावा. अनेकांना हे कोणी सांगतच नाही.

ऊन तर सगळ्यांनाच लागतं. त्यात कसली जात?

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. त्या दिवशी ते सगळ्या शहराचं तापमान होतं, पण सगळ्यांच्या खोलीचं नव्हतं. स्लॅबखाली कूलर लावून बसलेला आणि टिनाच्या छपराखाली नळाच्या पाण्याची वाट पाहणारी बाई एका शहरात राहूनही एका हवामानात राहत नाहीत. उन्हाच्या लाटेसाठी शहराने काय करावं याची योजना अहमदाबादने २०१३ मध्ये आखली, पुढे नागपूरनेही आखली. दुपारी बाहेर पडू नका, असा सल्ला त्यात असतोच. ज्याची मजुरी दुपारीच मिळते त्याने तो कसा पाळायचा?

राखेचं आणि कचऱ्याचंही तसंच. कोराडी आणि खापरखेड्याची वीज सगळं शहर वापरतं. राख उडते ती आसपासच्या गावांवर. शहरभरचा कचरा भांडेवाडीला जातो, आणि उन्हाळ्यात डेपो पेटला की धूर तिथल्याच घरांत शिरतो. डेपो कुठे असावा यावर सधन धरमपेठेत कधी मोर्चा निघाला नाही, कारण तो धरमपेठेत येण्याची शक्यताच कधी नव्हती.

डॉक्टर खरंच जात बघून उपचार करतात का?

बहुतेक डॉक्टर असं ठरवून करत नाहीत. पण ठरवून केला तरच भेदभाव होतो असं नाही.

गुजरात आणि राजस्थानच्या निवडक गावांतल्या दलित मुलांच्या अनुभवांवर २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भेदभाव दिसला तो अगदी छोट्या गोष्टींत: औषध हातात न देणं, तपासताना स्पर्श टाळणं, कमी वेळ देणं, समजावून न सांगणं. शहरात आता स्पर्श कोणी उघड टाळत नाही. वेळ आणि सूर मात्र बदलतो. "आडनाव काय?" हा प्रश्न केसपेपरसाठी असतो, हे मान्य. त्यानंतरचं "अहो" कधी "अरे" होतं, ते केसपेपरवर लिहिलेलं नसतं. गडचिरोलीहून आलेल्या, गोंडी बोलणाऱ्या म्हातारीला तर तेवढंही कळत नाही. ती मान हलवते आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते न समजताच परत जाते.

कधीकधी भेदभाव यंत्रातच असतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनात घराघरांत पोचला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतून आलेल्या निष्कर्षांनुसार, ऑक्सिजन खरोखर घसरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात द्वेष असण्याची गरज नव्हती. ज्यांच्या कातडीवर ते नीट तपासलं गेलं, त्यांत काळी कातडी पुरेशी नव्हती.

सफाई कामगारांना पक्की नोकरी आणि वारसा हक्क मिळतो. मग त्यांची तक्रार कसली?

लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. घर चालण्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, तिला हसू नये. पण वडिलांच्या हातातला झाडू मुलाकडे जाण्याची हमी मिळते, तशी डॉक्टरकीच्या प्रवेशाची हमी कुठल्या समितीने कोणाला दिलेली नाही. शिवाय आता बरंचसं काम ठेकेदाराकडून होतं. तिथे वारसा नाही, हातमोजे नाहीत, आणि कफ पडायला लागला की उद्यापासून येऊ नको.

गटार साफ करताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख झाली. हाताने मैला साफ करायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही या रकमा ठरवाव्या लागतात.

जातीच्या दाखल्याचा आरोग्याशी काय संबंध?

नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने. त्याच शहरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मेले. त्यांत बाया आणि लेकरं बरीच होती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो फिरवला.

दाखल्यावर शिष्यवृत्ती, वसतिगृह, वैद्यकीय प्रवेश आणि पुढची सरकारी नोकरी अवलंबून असते, आणि नोकरीवर अख्ख्या घराचा उपचारखर्च. सिकल सेल मोहिमेचाही भर आदिवासी भागांवर आहे, आजार मात्र दाखला विचारून येत नाही.

आरक्षण मिळून इतकी वर्षं झाली. आता उलट आमच्यावरच अन्याय होतोय.

हा राग खोटा नसतो. खुल्या वर्गातल्या मुलाला एक-दोन मार्कांनी जागा हुकते तेव्हा त्याला समोर फक्त यादी दिसते. पण मुद्दा आरोग्याचा असेल तर नागपूरनेच एक पुरावा दिला आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ७३ टक्के होती, बौद्धांची ८१ टक्क्यांच्या वर. हजार पुरुषांमागे स्त्रिया देशात ९४३, बौद्धांत ९६५. भारतातले तीन चतुर्थांशाहून जास्त बौद्ध महाराष्ट्रातच राहतात. हे आरक्षणाने एकट्याने केलं नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते स्वच्छतेबद्दल, मुलींच्या शिक्षणाबद्दल, लग्नाची घाई न करण्याबद्दल आणि मुलं कमी होऊ देण्याबद्दल. सार्वजनिक आरोग्याचं याहून नेमकं भाषण त्या काळात या शहरात झालं असेल, असं मला वाटत नाही. चळवळीने आग्रह धरला, आरक्षणाने नोकरीचं दार उघडलं, आणि नागपुरातल्या इंदोरा या बौद्ध वस्तीत पेन्शन आणि उपचारखर्च मिळणारी पहिली पिढी तयार झाली.

आता सरकारी नोकऱ्या आटत आहेत. त्या दारातून आत गेलेल्यांची नातवंडं ठेक्यावर काम करताना दिसतात, तेही विम्याशिवाय.

मी कोणाचं काही हिरावलं नाही. मला दोषी का धरता?

धरत नाही. तुमच्या मावसभावाचा नंबर डिलीट करा असंही कोणी म्हणत नाही. तो नंबर नसलेल्याला कॅज्युअल्टीच्या दारात तीच माहिती, त्याच सुरात मिळावी, एवढी मागणी आहे.

कुठे काही बदललं आहे का?

गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हेच काम आहे. या गावांची गरिबी तेवढ्यात हटलेली नव्हती. फक्त मदत दारापर्यंत आली, आणि ती घेऊन येणारी बाई त्यांच्यातलीच होती.

आमच्यावर दवाखान्यात अशी वेळ आली तर काय करायचं?

धर्मादाय न्यासाचं खाजगी रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणं त्यावर बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवावी लागते. "खाट रिकामी नाही" म्हणाले तर लेखी मागा आणि धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरतीच्या दिवशीच त्याला गाठा. डिस्चार्जच्या दिवशी गेलं तर फार उशीर झालेला असतो.

जातीवरून दवाखान्यात प्रवेश नाकारणं किंवा अडवणं हा अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीत रुग्णालय, दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचा स्पष्ट उल्लेख आला. राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. फोन करण्याआधी तारीख, वेळ, वॉर्ड आणि सोबत कोण होतं, हे केसपेपरच्या मागे तिथल्या तिथे लिहून ठेवा.